बुर्ज अल अरब वाळूत बुडत कसं नाही?

दुबईचं बुर्ज अल अरब हे ‘जगातलं एकमेव सात तारांकित हॉटेल’ आहे, ते ‘समुद्रावर तरंगतं’ आणि ‘नुसत्या वाळूवर उभं आहे, तरी पडत नाही, हाच चमत्कार’, अशा मजकुराच्या चित्रफिती मोबाइलवर अधूनमधून येत असतात. सात ताऱ्यांचा निकाल लगेच लावता येतो. प्रचलित तारांकन पाचावर थांबतं. हॉटेलवाल्यांच्याच सांगण्यानुसार ‘सात’ हा आकडा उद्घाटनापूर्वी पाहुणचाराला आलेल्या एका ब्रिटिश पत्रकाराच्या लेखणीतून उतरला. मग तो पुसायची घाई कोण करणार! तरंगण्याचं म्हणाल तर हॉटेल किनाऱ्यापासून सुमारे २८० मीटरवर, भराव घालून केलेल्या बेटावर उभं आहे. बेट समुद्राच्या तळाला टेकलेलं आहे.

तिसरं विधान मात्र अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मला ते आवडतं. ३२१ मीटर उंचीची ही इमारत खरोखरच वाळूच्या जिवावर उभी आहे. चमत्कार तेवढा वजा करायचा.

उंच इमारतीचा पाया खडकापर्यंत गेलाच पाहिजे, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. खडक हाताशी असेल तर तो वापरावाच. पण इथे टेकायला सोयीचा कणखर खडक नव्हता. म्हणून अभियंत्यांनी काँक्रीटचे २३० खांब, म्हणजे बांधकामाच्या भाषेत पाइल, सुमारे ४० मीटर खोल वाळूत उतरवले. हे खांब खाली टेकून उभे राहण्यापेक्षा आपल्या अंगाने वाळूला धरून उभे आहेत. इमारत त्यांना खाली रेटते आणि वाळूचं घर्षण त्यांना सरकू देत नाही.

विश्वास बसत नसेल तर निमुळत्या तोंडाची बाटली तांदळाने ठासून भरा, मध्ये एक लांब काठी खुपसा, बाटली आपटून आपटून तांदूळ बसवा आणि काठी धरून वर उचला. बाटली काठीबरोबर उचलली जाते. काठीला डिंक लावलेला नसतो. सुटे दाणे एकमेकांना आणि काठीला दाबतात, एवढंच.

आता थोडं गणित. समुद्राखालची एक घनमीटर ओली वाळू साधारण दोन टन भरते. आर्किमिडीजच्या नियमाने त्यातला एक टन पाणी उचलून धरतं. उरलेला एक टन कणावरून कणावर, कणावरून कणावर असा खाली पोचतो. घर्षणाला कारणीभूत होतो तो हाच, कणांमधला खरा दाब. पाण्याचा दाब कितीही असला तरी घर्षणाच्या कामाचा नाही, कारण पाणी धरून ठेवत नाही, निसटतं. हा फरक कार्ल टेर्झागी यांनी १९२०च्या दशकात नीट मांडला आणि मातीचं शास्त्र खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं.

तर दर मीटर खोलीला, दर चौरस मीटरवर एक टन दाब वाढतो. ४० मीटरवर तो ४० टन. आडवा दाब याच्या निम्मा धरू, म्हणजे तळाशी २० आणि सरासरी १०. घर्षणासाठी पुन्हा निम्मा. खांबाच्या अंगाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे सरासरी ५ टन पकड मिळाली. खांबाचा व्यास समजा दीड मीटर असेल, तर त्याच्या अंगाचं क्षेत्रफळ सुमारे १८८ चौरस मीटर होतं. एका खांबाची पकड जवळपास ९४० टन!

दुसरी बाजू पाहू. या इमारतीत ७०,००० घनमीटर काँक्रीट आणि ९,००० टन पोलाद आहे. काँक्रीट घनमीटरला २.४ टन धरलं तर एकूण भार पावणेदोन लाख टनांच्या थोडा पुढे जातो. सगळाच्या सगळा २३० खांबांवर टाकला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७० टन येतात. ९४० विरुद्ध ७७०. हा हिशेब माझा, ढोबळ, आणि अभियंते त्यावर एक मजलाही चढवणार नाहीत. त्यांना दुपटीच्या वर शिल्लक हवी असते. ती मिळवायला खांबाचं टोकही थोडा भार घेतं आणि आखाती वाळूत शंखशिंपल्यांच्या चुन्याने चिकटून घट्ट झालेले थरही मदतीला येतात. पण माझ्या लाडक्या गोष्टीचा या हिशेबात अजून समावेशच नाही. ती म्हणजे वाळूचं फुगणं.

भरती ओसरताना किनाऱ्यावरच्या ओल्या, घट्ट वाळूत पाऊल दाबलं की पावलाभोवतीची वाळू एकदम पांढुरकी, कोरडी दिसू लागते. दाबल्यावर पाणी बाहेर यायला हवं, तर इथे ते आत जातं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचा उलगडा केला. घट्ट बसलेल्या वाळूत प्रत्येक कण खालच्या कणांमधल्या खळगीत रुतलेला असतो. पावलाच्या रेट्याने थर एकमेकांवरून सरकू लागले की कणांना त्या खळग्यांतून वर चढावं लागतं. चढले की मधल्या जागा मोठ्या होतात, वाळूचं आकारमान वाढतं आणि पृष्ठभागावरचं पाणी त्या नव्या जागांत शोषलं जातं. घट्ट वाळूला सरकवायचं तर आधी तिला फुगू द्यावं लागतं.

हेच खांबाच्या अंगाशी होतं. खांब केसभर जरी खाली सरकू पाहील, तरी त्याच्या खडबडीत पृष्ठभागाला लागून असलेल्या काही कणांच्या पातळ थराला फुगावंसं वाटतं. पण फुगायला जागा कुठे आहे? एका बाजूला काँक्रीट, दुसऱ्या बाजूला मैलोगणती वाळू. थर फुगू शकत नाही, म्हणून तो खांबाला अधिक जोराने आवळतो. आडवा दाब वाढला की घर्षण वाढतं. म्हणजे सरकण्याचा प्रयत्नच सरकणं अवघड करतो. याला मर्यादाही आहेत. फुगण्याची धडपड असते मिलिमीटरच्या अंशांची. ती बारीक खांबाला जाणवते तितकी जाडजूड खांबाला जाणवत नाही. फार खोलवर वरचा दाबच इतका असतो की कणांना खळगीतून वर येणं जमत नाही, ते झिजतात किंवा फुटतात. शंखशिंपल्यांचे कण तर फुटण्यात पटाईत. त्यामुळे खांबाचा आकडा सूत्रावरून काढला तरी जागेवर प्रत्यक्ष भार टाकून तपासावा लागतो. त्याला पर्याय नाही.

वाळू सैल असेल तर सगळं उलटं होतं. हादरा बसला की सैल कण फुगण्याऐवजी खळग्यांत पडतात, आकारमान घटू पाहतं आणि मधलं पाणी कोंडतं. कणांचा भार पाण्यावर येतो, खरा दाब शून्याकडे जातो आणि वाळू पातळ खिरीसारखी वागू लागते. याला द्रवीकरण म्हणतात. १९६४ मध्ये जपानमधल्या निगाताच्या भूकंपात चांगल्या भक्कम निवासी इमारती यामुळेच आडव्या झाल्या. भिंती धड, खिडक्या धड, आणि इमारत मात्र पाठीवर पडलेली. त्यांचं मुख्य दार शुभ दिशेला होतं की अशुभ, हा प्रश्न वाळूला पडला नव्हता. फ्लॅट घेताना होकायंत्र घेऊन फिरणाऱ्या वास्तुतज्ज्ञाला पैसे देणारी माणसं माती-परीक्षणाचा अहवाल मात्र क्वचितच मागतात. आखातापलीकडे इराणचा झाग्रोस पर्वत भूकंपांसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे दुबईत उंच बांधणाऱ्याला वाळू किती घट्ट आहे हे विचारावंच लागतं.

घट्ट वाळू जागेवर राहिली तरच हे सगळं खरं, आणि बेटाभोवती लाटा तर रोज येणार. उंच भिंत घालावी तर शिडाच्या आकाराची इमारत किनाऱ्यावरून अर्धी झाकली जाईल. ॲटकिन्स या ब्रिटिश कंपनीचे वास्तुविशारद टॉम राइट यांच्या आराखड्याची सगळी मौज बेट ठेंगणं असण्यात होती. त्यावर उपाय म्हणजे बेटाच्या काठाला काँक्रीटचे पोकळ ठोकळे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे रचलेले. लाट भिंतीवर आपटून उसळण्याऐवजी भोकांतून आत शिरते, आतल्या आत भोवरे करून दमते. पाणी बेटावर उडत नाही आणि खालची वाळूही धुपत नाही. समुद्रातून हे बेट उभं करायला सुमारे तीन वर्षं लागली आणि त्यावरची इमारत त्याहून कमी काळात पूर्ण झाली. पैसा कशावर खर्च झाला असं पाहुणे विचारतात तेव्हा त्यांच्या मनात झुंबरं असतात.

वरच्या भागाबद्दल मी हात आखडता घेतो. ३२१ मीटरपैकी ३९ टक्के उंची वापरण्याजोगी नाही, ती नुसती दिसण्यासाठी आहे. उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१३ मध्ये ‘दिखाऊ उंची’ मोजली, तेव्हा ३०० मीटरवरच्या इमारतींत टक्केवारीच्या बाबतीत बुर्ज अल अरब पहिलं आलं. हेलिपॅडवर २००५ मध्ये फेडरर आणि आगासी टेनिस खेळले, त्यात विज्ञान शून्य. आतला चौक मात्र पाहण्यासारखा आहे. सुमारे १८० मीटर उंचीची पोकळी, आणि तिची एक बाजू टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या दुपदरी कापडाने बंद केलेली. वाळवंटातलं ऊन त्यातून गाळून, दुधाळ होऊन आत येतं. काच लावली असती तर वातानुकूलन यंत्रांचा जीव गेला असता.

आणि सोनं. आतल्या सजावटीत २४ कॅरेट सोन्याचा वर्ख सुमारे १,७९० चौरस मीटर आहे, असं सांगितलं जातं, आणि ऐकणारे डोळे विस्फारतात. वर्खाची जाडी साधारण ०.१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. गुणाकार केला तर सोनं भरतं १७९ घन सेंटीमीटर. घनता १९.३ धरून वजन काढलं तर साडेतीन किलोच्या आत. सूटमधली एखादी खुर्चीसुद्धा याहून जड असेल.