रोनाल्डोला बसवलं कोणी? क्लबचा मॅनेजर आणि देशाचा कोच

डिसेंबर २०२२. फुटबॉल वर्ल्ड कपचा पोर्तुगाल–स्वित्झर्लंड सामना रात्री साडेबाराला होता, त्याआधी आम्ही इंदूरच्या सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खात उभे होतो. गराडूवाला जीरावन मसाला भुरभुरत होता तेवढ्यात मोबाइलवर संघ आला: रोनाल्डो बाकावर. भाच्याने विचारलं, "मामा, मँचेस्टरमध्ये ज्या मॅनेजरने बसवलं होतं तोच का हा?"

रामबागेतले काका मध्येच म्हणाले, "मॅनेजरची एवढी हिंमत? आमच्याकडे मॅनेजर म्हणजे तिकिटं आणि हॉटेलच्या किल्ल्या सांभाळणारा." काका क्रिकेटचे. होळकर संघाच्या चारही रणजी ट्रॉफ्या त्यांना तोंडपाठ. क्रिकेटमध्ये संघ निवड समिती निवडते, फुटबॉलमध्ये हा एकच माणूस निवडतो आणि शिव्याही तोच खातो, हे त्यांना तिथेच सांगावं लागलं.

आता भाच्याचा प्रश्न. माणसं दोन होती.

मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर एरिक टेन हाग. ऑक्टोबरमध्ये टॉटनहॅमविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरायला रोनाल्डोने नकार दिला आणि सामना संपण्याआधीच तो आत निघून गेला. पुढच्या चेल्सीच्या सामन्याला टेन हागनी त्याला घेतलंच नाही. नोव्हेंबरात त्याने मुलाखत देऊन सांगून टाकलं की या माणसाबद्दल मला आदर नाही. पोर्तुगालचा वर्ल्ड कपमधला पहिला सामना व्हायच्या आत क्लबशी करार संपलासुद्धा.

पोर्तुगालचे कोच फर्नांडो सांतोस. कोरियाविरुद्ध बाहेर काढल्यावर रोनाल्डो कुरकुरला, ते आपल्याला आवडलं नाही हे सांतोसनी उघड सांगितलं आणि पुढच्याच सामन्यात त्याला बसवलं. त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसने हॅटट्रिक केली, पोर्तुगाल ६–१ ने जिंकलं. पण चार दिवसांनी मोरोक्कोकडून ०–१ हार. रोनाल्डो पुन्हा बाकावरूनच आला होता. मग गेलं कोण? सांतोस. रोनाल्डो नव्या कोचच्या हाताखालीही कॅप्टनच राहिला.

खरा फरक इथे आहे. क्लबच्या मॅनेजरचं खेळाडूशी पटलं नाही तर बाजार उघडा असतो: विका, दुसरा आणा. देशाच्या कोचला पानात पडलेलंच खावं लागतं. आपलंच बघा ना. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि गोल करणारा माणूस मिळेना. नंतर मानोलो मार्केझ भारताचे कोच झाले, त्याच वेळी ते एफसी गोवा या क्लबचेही होते. गोव्यासाठी ते परदेशी खेळाडू घेऊ शकत होते, भारतासाठी नाही. मार्च २०२५ मध्ये चाळिशीतला छेत्री परत आला, आणि शिलाँगला मालदीवविरुद्धच्या ३–० मध्ये एक गोल त्याचाच होता. कोणी याला मागे जाणं म्हणेल. मला तरी त्यात मार्केझ यांचा नाइलाजच दिसतो.

म्हणून देशाच्या कोचचा स्वभाव कळतो तो यादीतून, आणि जास्त करून यादीत नसलेल्या नावातून. १९९६ च्या युरो स्पर्धेला फ्रान्सच्या एमे जाके यांनी एरिक कँटोनाला घेतलं नाही. २००२ ला ब्राझीलच्या स्कोलारींनी रोमारिओला वगळलं, तो पत्रकारांसमोर रडला तरी. दोघेही कोच पुढे वर्ल्ड कप जिंकले म्हणून आज हट्टी न ठरता दूरदर्शी ठरतात. हरले असते तर?

वैरही वेगळं. चेल्सीचे मोरिन्यो आणि आर्सेनलचे वेंगर तेव्हा इंग्लंडच्या एकाच लीगमध्ये, वर्षातून दोनदा तरी समोरासमोर. मोरिन्योनी २०१४ मध्ये वेंगरना 'अपयशातले तज्ज्ञ' म्हटलं ते त्यातूनच. देशांचे कोच एकमेकांना भेटतातच कुठे? त्यांची भांडणं घरातली. २००२ ला आयर्लंडचा कॅप्टन रॉय कीन सायपान बेटावरच्या सराव कॅम्पमध्ये कोच मिक मॅकार्थींशी भांडला आणि वर्ल्ड कप सुरू होण्याआधीच घरी गेला. २०१० ला कोच दोमेनेक यांच्याशी वाद झाल्यावर आनेल्काला घरी पाठवलं, तर फ्रान्सच्या खेळाडूंनी सरावच नाकारला.

दोन्ही खुर्च्या जवळ आल्या की काय होतं, तेही २०१८ मध्ये दिसलं. स्पेनचे कोच लोपेतेगी वर्ल्ड कपनंतर रेआल माद्रिदला जाणार, हे जाहीर झालं आणि पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी स्पेनने त्यांना काढून टाकलं.

एवढं सगळं ऐकून काकांनी गराडूचा शेवटचा तुकडा उचलला. "ठीक आहे. पण मग तिकिटं कोण काढतं?"

"त्याला वेगळा माणूस असतो, काका."

"त्यालाच आम्ही मॅनेजर म्हणतो."