माडाखालचा बंगला : थाई बेटांवरच्या तरुण भटकंतीची पार्श्वभूमी

'बंगला' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गच्ची, फाटक आणि दारावरची पाटी येते. थायलंडच्या आखातातल्या को सामुई किंवा को पांगान या बेटांवर मात्र याच शब्दाचा थाई अवतार चार खांबांवर उभ्या असलेल्या, झावळ्यांनी शाकारलेल्या एका खोलीला लावतात. मूळचा 'बंगाली धर्तीचं घर' या अर्थाचा हा शब्द इंग्रजांच्या तोंडून जगभर फिरला आणि माडांच्या सावलीत येऊन असा साधा झाला. पाठीवर सॅक टाकून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारी तरुण मुलं आज आपल्या घरांतूनही निघतात. त्या भटकंतीचा पाया ही एक खोली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

'को' म्हणजे बेट. को सामुई हे मुळात नारळाचं बेट. गोव्यात नारळ उतरवायला पाडेली लागतो, सामुईवर ते काम शिकवलेली माकडं करत आली. आखूड शेपटीचं माकड लांब दोरीला बांधून माडावर सोडायचं. ते नारळ देठाशी पिळत पिळत गरगर फिरवतं आणि खाली टाकतं. गोळा झालेला माल बोटीने बँकॉकच्या बाजूला जायचा. हैनानहून आलेल्या चिनी व्यापाऱ्यांनी नाथोन आणि बोफुत इथे लाकडी दुकानं थाटली होती. 1960 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला गाडीरस्ता नव्हता, डोंगर चढून पायी जावं लागे. बेटाला वळसा घालणारा सुमारे 50 किलोमीटरचा रस्ता 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला.

सामुईवर वाटण्यांविषयी एक गोष्ट सांगितली जाते. भाताची खाचरं आणि आतल्या बागा ही खरी इस्टेट. समुद्रालगतची वाळूची पट्टी खारी, तिथे माडाशिवाय काही येत नाही, म्हणून ती मुलींच्या किंवा धाकट्याच्या वाट्याला टाकली जायची. पुढे त्याच वाळूला मोल आलं. कोकणातल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही. चावेंग आणि लमाईच्या किनाऱ्यांवर पहिल्या खोल्या बांधल्या त्या याच घरांनी. कुणी बँकॉकहून भांडवल आणलं नव्हतं. लाकूड, बांबू आणि झावळ्या घरच्या, राबणारे हातही घरचेच.

ती खोली आतून अशी असायची. बांबूच्या पट्ट्यांची जमीन, फटींतून खालची वाळू दिसते. जमिनीवर गादी, वर मच्छरदाणी. बाहेर दोन हात रुंदीची पडवी, तिथे टांगलेला झोपाळा. मागे पाण्याचं पिंप आणि तरंगतं भांडं, त्यातच अंघोळ. संध्याकाळी जनरेटर सुरू व्हायचा आणि रात्री ठरल्या वेळी बंद पडायचा, मग मेणबत्ती. जेवायला मालकाच्याच स्वयंपाकघराला लागून मांडलेल्या टेबलांवर जायचं. हिशेब वहीत लिहिला जायचा आणि निघायच्या दिवशी चुकता व्हायचा. त्या काळी डॉलरला साधारण 20 बाथ (थाई चलन) मिळायचे आणि रात्रीचं भाडं डॉलरच्या आत-बाहेर असे. इस्रायली समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी दक्षिण थायलंडच्या बेटांवरच्या या व्यवसायावर 1982 साली सविस्तर लिहिलं, तेव्हा त्यांनी त्याला 'बंगला पर्यटन' असंच म्हटलं. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. किनारे 'शोधले' अशी भाषा प्रवासी वापरतात. किनारा तिथे होताच. त्यावर झोपायला जागा आणि पानात भात कुणीतरी दिला, म्हणून राहता आलं.

पाहुणे आले कुठून, हा पुढचा प्रश्न. 1960 च्या दशकापासून युरोपातले तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल करत जमिनीवरून भारतात यायचे. काही काठमांडूला जायचे, काही गोव्याला. त्यातले थोडे पुढे आग्नेय आशियातून बालीच्या कुटा किनाऱ्यापर्यंत पोचायचे. बालीचा विमानतळ 1969 मध्ये आंतरराष्ट्रीय जेट विमानांसाठी खुला झाला होता. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं 1972 मध्ये लंडनहून याच वाटेने ऑस्ट्रेलियाला गेलं. पुढच्या वर्षी त्यांनी घरच्या टेबलावर जुळवलेल्या छोट्या पुस्तिकेतून लोनली प्लॅनेट ही मार्गदर्शक पुस्तकांची संस्था उभी राहिली. 1975 मध्ये आग्नेय आशियाविषयीचं त्यांचं पिवळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक आलं आणि कुठे उतरायचं, काय खायचं, बोट कधी सुटते हे तोंडी चालणारं ज्ञान छापील झालं.

मग 1979 साल उजाडलं. इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि जमिनीवरची वाट बंद पडली. व्हिएतनाम युद्ध 1975 मध्ये संपलं होतं. त्या युद्धात थायलंडमध्ये अमेरिकन हवाई तळ होते, सैनिक सुट्टीला पट्टायाला यायचे. त्यातून परक्या पाहुण्याची सोय बघणारं एक जाळं देशात आधीच तयार झालं होतं. नवा तरुण आता विमानाने थेट बँकॉकला उतरू लागला.

बँकॉकमध्ये तो राहू लागला खाओ सान रस्त्यावर. 1892 मध्ये बांधलेल्या या रस्त्याचं नाव म्हणजे आपल्या हिशेबाने 'तांदूळ गल्ली': खाओ सान म्हणजे कोंडा काढलेला, न शिजवलेला तांदूळ, आणि तिथे तांदळाचाच बाजार भरायचा. 1982 मध्ये बँकॉकला राजधानी होऊन 200 वर्षं झाली, त्याचा सोहळा जवळच्या राजवाड्याच्या परिसरात झाला. पाहुण्यांना जागा पुरेना, म्हणून इथल्या घरांनी खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि हे काम थांबलंच नाही. इथून रात्रीची गाडी दक्षिणेला सुरत थानीला आणि तिथून बोट. सुरत थानी हे नाव आपल्या सुरतेवरूनच दिलेलं आहे.

ओळखीचे असे धागे या वाटेवर बरेच सापडतात. गोऱ्या माणसाला थाई लोक 'फारांग' म्हणतात, आपण फिरंगी म्हणतो, मूळ एकच. या संपूर्ण वाटेला, जागोजागी मिळणाऱ्या केळ्याच्या पॅनकेकवरून, 'बनाना पॅनकेक ट्रेल' असं नाव पडलं. थायलंडच्या हातगाड्यांवर त्या पॅनकेकची जागा 'रोती' घेते. तेल सोडलेल्या तव्यावर पातळ ताणलेली पोळी, आत केळ्याचे काप, वरून गोड आटीव दूध. ती मुसलमान विक्रेत्यांची, आणि तिचं मूळ भारतातून गेलेल्या लोकांच्या पराठ्यात आहे.

हवामानाचा वाटाही मोठा आहे. जुलैत कोकणात मुसळधार लागते, थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरही पाऊस असतो. सामुई मात्र द्वीपकल्पाच्या पलीकडच्या बाजूला आहे, मधले डोंगर नैऋत्य मोसमी पाऊस अडवतात; तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांना उन्हाळी सुट्टी लागते तेव्हा ही बेटं बऱ्यापैकी कोरडी असतात.

सामुई गजबजलं तसे मुक्त वृत्तीचे लोक शेजारच्या को पांगानला सरकले. तिथल्या हात रिन किनाऱ्यावर 1980 च्या दशकाच्या मध्यात पौर्णिमेची पार्टी सुरू झाली. वाढदिवस होता की कुणाचा निरोप, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. थोडक्या लोकांची ती रात्र होती, एवढं सगळे सांगतात. चांदण्यात किनाऱ्यावर रात्रभर नाचायची चाल हणजुण्याला त्याआधीपासून होती, आणि तिथून निघालेलं गोवा ट्रान्स संगीत पुढे हात रिनलाही वाजू लागलं. आज तिथे पौर्णिमेला हजारोंची गर्दी होते. पौर्णिमा बौद्ध सणावर आली तर पार्टीची तारीख पुढे-मागे करतात.

1989 मध्ये सामुईवर विमानतळ झाला आणि बोटीशिवायही तिथे पोचता येऊ लागलं. परदेशी माणसाला थायलंडमध्ये सहसा जमिनीची मालकी मिळत नाही, पण भाडेपट्टा मिळतो आणि देशातलं मोठं भांडवलही आहेच. चावेंगच्या खोल्यांच्या जागी हॉटेलं आली. पश्चिमेच्या को फी फी लेवरच्या माया बेमध्ये 1999 साली हॉलिवूडपटाचं चित्रीकरण झालं. त्यानंतर एकेका दिवशी 5,000 पर्यंत माणसं त्या छोट्या वाळूवर उतरू लागली आणि प्रवाळ मेलं. जून 2018 मध्ये सरकारने ती खाडी बंद केली, जानेवारी 2022 मध्ये मर्यादा घालून उघडली. मधल्या काळात काळ्या टोकांच्या पंखांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परत आले.

या सगळ्या दशकांत आपली मुलं तिथे जवळपास नव्हती. 1970 च्या आसपास परदेशी निघालेल्या भारतीयाला हातात 8 डॉलर मिळायचे, एवढीच मुभा. 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला 25,000 डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची वाट मोकळी केली, पुढे स्वस्त विमानं आली, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट उठवली. पुण्या-नाशकातली विशीतली मुलं सुरत थानीच्या धक्क्यावर सॅक टेकवून बोटीची वाट पाहताना दिसतात, ती या एवढ्या वळणांनंतर.

को पांगानच्या पूर्वेला थान सादेत नावाचा ओढा समुद्राला मिळतो. थायलंडचा राजा चुलालोंगकोर्न 1888 पासून इथे अनेकदा आला आणि दगडांवर आपली आद्याक्षरं कोरून गेला. त्याच ओढ्याच्या मुखाशी, उतारावर, खांबांवरचे लाकडी बंगले उभे राहिले.