पाट्याला घरी वेल्डिंग मारण्याआधी

गाडीच्या कमानीचे पाटे, ॲक्सल, कॉइल स्प्रिंग यांपासून आम्ही शेतातल्या वर्कशॉपसाठी छिन्न्या, पहारी, पुलर आणि बॉटल जॅकवर चालणारे प्रेस बनवून देतो. काम टाकताना बहुतेक जण विचारतात, "दोन टाके तर मारायचेत, त्याला एवढे दिवस कशाला?" काही जण ते टाके घरीच मारतात आणि मोडलेला तुकडा घेऊन येतात.

असा तुकडा जवळून बघा. वेल्डिंग शाबूत असतं, पाटा त्याच्या कडेला तुटलेला असतो आणि तुटल्या जागी साखरेसारखे चमकते दाणे दिसतात. अँगल-चॅनलच्या साध्या लोखंडात कार्बन साधारण ०.२ टक्के असतो, पाट्यात ०.५ ते ०.६ टक्के. वेल्डिंगलगतची पट्टी लाल होते आणि बाजूचा थंड, जाड पाटा ती उष्णता क्षणात ओढून घेतो. म्हणजे तेवढ्याच पट्टीला कडक पाणी बसतं (लाल लोखंड एकदम निवून कडक होतं) आणि ती ठिसूळ होते. त्यात वेल्डिंगचा रॉड दमट असला तर त्यातला हायड्रोजन आत शिरतो आणि काही तासांनी भेग पाडतो. संध्याकाळी ठणठणीत वाटलेला जोड दुसऱ्या दिवशी तुटतो, तो यामुळे. वेल्डिंगवर पाणी ओतलंत तर विचारायलाच नको.

आमच्याकडे पाटा आधी ग्राइंडरने चकचकीत होतो. मग रॉकेल लावून, पुसून, वर खडू फासतो. जुनी भेग असेल तर रॉकेल झिरपून तिथे रेघ उमटते. मधल्या बोल्टच्या भोकापाशी ती हमखास शोधावी. त्यानंतर तुकडा २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, ओव्हनमध्ये सुकवलेला ७०१८ रॉड (कमी हायड्रोजन सोडणारा) वापरायचा आणि काम झालं की कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर निवू द्यायचं. दिवस इथेच जातात, आणि यात घाई आम्ही करणार नाही. शक्य तिथे आम्ही वेल्डिंग टाळतोच: प्रेसची चौकट साध्या चॅनलची, पाट्याचा भाग बोल्टने बसवलेला. झिजला की तुम्हीच बदलू शकता, आमच्याकडे यायचीही गरज नाही.

घरी मारलेलं वेल्डिंग काढायचं तर बाजूचा कडक झालेला भागही कापावा लागतो. हत्यार तेवढं आखूड होतं आणि वेळ दुप्पट लागतो.

हातातलं लोखंड कोणतं हे कळत नसेल तर ग्राइंडरला लावा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. पाट्याच्या ठिणग्यांना दाट फाटे फुटतात. फाटे दिसले की वेल्डिंग मशीन बंद. छिन्नीला धार लावतानाही थांबून थांबून लावा, कड निळी पडली की पाणी उतरलंच, म्हणजे धारेचा कडकपणा गेला.

ब्रेक ड्रम बिडाचा असतो. त्याची भट्टी छान होते, ऐरण म्हणून मात्र ठोकू नका. शॉकॲब्सॉर्बर आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह कापून आणू नका. शॉकॲब्सॉर्बरमध्ये दाबाखाली गॅस असू शकतो, आणि काही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ असून त्यांत सोडियम भरलेलं असतं.

पाटा गाडीतून निघाला तसाच, अख्खा आणा. कोणत्या कामाला हवा ते सांगा आणि ज्या यंत्रावर बसवायचा त्याची मापं सोबत आणा. कापायचा कुठे हे आम्ही भेगा तपासून ठरवू.