एकवीस दिवसांत सवय लागते?

ऑफिसात '21 दिवस जिने चढा' असं चॅलेंज निघतं, बाविसाव्या दिवशी लिफ्टपुढे पुन्हा रांग लागते आणि लोक स्वतःलाच आळशी ठरवतात. चूक त्यांची नाही, आकड्याची आहे.

हा आकडा अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या 1960च्या लिखाणातला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना 'किमान' 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे 'किमान' गळलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर बारा आठवडे प्रत्यक्ष अभ्यास केला. जेवताना फळ खाणं, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं अशी एकच गोष्ट रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडायची. ती आपसूक घडू लागायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाच्या बाबतीत अंदाज थेट 254 दिवसांवर गेला. व्यायामाला पाणी पिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही.

म्हणून एचआरवाल्यांना कळकळीची विनंती: चॅलेंज निदान तीन महिने ठेवा, आणि एक खाडा झाला म्हणून कुणाला बाद करू नका.