सैन्य सीमेवर उभं होतं, तरी कालूचक झालंच

दहशतवादी हल्ला झाला की ठरलेलं वाक्य कानावर येतं, "एवढं सैन्य कशाला पोसलंय? एकदाच काय तो धडा शिकवा!" पाठोपाठ 1971चा दाखला.

1971 सगळ्यांना पाठ आहे. 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली, 93 हजार युद्धकैदी, विषय संपला. कारगिलही त्याच जातीचं. मुजाहिदीन म्हणून खपवलेले घुसखोर पाकिस्तानी लष्कराच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे निघाले. गणवेश होता की नव्हता, हा फरक किरकोळ.

दहशतवाद्यांच्या बाबतीत गाडी अडते ती सहीपाशी. देशावर सैन्याचा दाब टाकला की तो कुणाच्या तरी मानगुटीवर बसतो. त्या सत्ताधाऱ्याला राजधानी, बंदरं, तिजोरी आणि मुख्य म्हणजे खुर्ची सांभाळायची असते, आणि त्याने हुकूम दिला की तोफा थांबतात. मे 2025मध्येही थांबायचं ठरलं ते दोन्हीकडच्या डीजीएमओंच्या, म्हणजे लष्करी कारवायांच्या प्रमुखांच्या, फोनवर. लष्कर-ए-तय्यबाचा डीजीएमओ कोण? फोन कुणाला लावायचा?

संसदेवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर 2001मध्ये 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झालं. लाखो जवान सीमेवर, सुरुंग पेरलेले, रणगाडे पुढे आणलेले. यापेक्षा मोठा धाक कोणता दाखवणार? तरी 14 मे 2002ला तिघे जण जम्मूजवळ कालूचकला बसमधून उतरले. आधी बसमधले प्रवासी मारले, मग लष्कराच्या वसाहतीत घुसून जवानांच्या बायकामुलांवर गोळ्या झाडल्या. जे मरायलाच आलेत त्यांना रणगाड्याची काय भीती? दोन देश भिडले तर त्यांना ते हवंच असतं.

"म्हणजे पाकिस्तानला मोकळं सोडायचं?" अजिबात नाही. पण 2019मध्ये जैश-ए-मोहम्मदच्या तळावर म्हणून टाकलेले बालाकोटचे बॉम्ब हा रावळपिंडीला, म्हणजे पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयाला, दिलेला निरोप होता, आणि त्याचं मोजमाप तिथेच करावं. त्याने जैश संपली का, असं विचारणं आणि संपलीच म्हणून पेढे वाटणं, दोन्ही सारखंच खुळं.

संघटनेला लागतात पैसा, आसरा आणि निनावीपण. तुकाराम ओंबळेंनी गोळ्या झेलत कसाबला धरून ठेवलं, तो जिवंत हाती लागला, म्हणून 26/11चा कराचीपर्यंतचा धागा कोर्टात उभा राहिला. एफएटीएफने, म्हणजे दहशतीच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, 2018 ते 2022 पाकिस्तानला निगराणीच्या 'करड्या' यादीत ठेवलं; त्याच काळात, 2020मध्ये, लष्कर-ए-तय्यबाचा संस्थापक हाफिज सईदला दहशतीला पैसा पुरवल्याबद्दल पाकिस्तानी कोर्टानेच शिक्षा सुनावली. मला ही कागदी, कंटाळवाणी कामं जास्त पटतात. टीव्हीवर ती दिसत नाहीत, कारण हिशेबाच्या वह्यांना पार्श्वसंगीत लावता येत नाही.