संगणकाचा फायदा मोजणारे प्राध्यापक

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1987 मध्ये एका पुस्तक परीक्षणात लिहिले की, संगणकाचे युग सर्वत्र दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत तेवढे दिसत नाही. अमेरिकी कंपन्या त्या काळात संगणकांवर अफाट पैसा ओतत होत्या. तरीही देशाच्या उत्पादकतेची वाढ मात्र मंदावलेलीच होती. हे कोडे उलगडण्याच्या कामात बिझनेस स्कूलमध्ये माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापन शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा मोठा वाटा आहे. हे प्राध्यापक नेमके काय करतात, याची सामान्य वाचकाला क्वचितच कल्पना असते.

हा विषय विद्यापीठांत तसा अलीकडेच रुजला. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांच्या पुढाकाराने 1968 मध्ये त्याचा पीएचडी अभ्यासक्रम सुरू झाला, 1977 मध्ये तेथूनच ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे संशोधन नियतकालिक निघाले आणि 1980 मध्ये फिलाडेल्फियात या क्षेत्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पहिल्या पिढीतील प्राध्यापक साहजिकच दुसऱ्या विषयांतून आले होते. स्वतः डेव्हिस हिशेबशास्त्राकडून संगणकाकडे वळले.

सोलो यांच्या कोड्यावर एरिक ब्रिन्योल्फसन यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग वेचला. एमआयटीच्या स्लोन स्कूलमधून 1991 मध्ये डॉक्टरेट घेतल्यानंतर तेथेच प्राध्यापकी करताना त्यांनी 1993 च्या एका लेखात या कोड्याची चार संभाव्य कारणे मांडली: मोजमापातल्या चुका, फायदा हाती येण्यास लागणारा वेळ, एका कंपनीचा लाभ हाच दुसरीचा तोटा असणे, आणि निव्वळ गैरव्यवस्थापन. पुढे लॉरिन हिट यांच्यासह त्यांनी देशाची एकत्रित आकडेवारी बाजूला ठेवली आणि 1987 ते 1991 या काळातील 367 मोठ्या कंपन्यांची माहिती स्वतंत्रपणे तपासली. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संगणकांचा उत्पादनातील हातभार भरीव असल्याचे दिसले. नंतरच्या संशोधनातून आणखी महत्त्वाची गोष्ट पुढे आली. संगणक विकत घेण्याबरोबरच ज्या कंपन्यांनी कामाची पद्धत बदलली, निर्णयाचे अधिकार खालच्या पातळीवर दिले आणि माणसांना प्रशिक्षण दिले, त्यांना अधिक लाभ झाला. या बदलांचा खर्च यंत्रांच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तो ताळेबंदात मालमत्ता म्हणून सहसा दिसत नाही. माझ्या मते या विद्याशाखेने समाजाला दिलेले हे सर्वांत मोलाचे ज्ञान आहे, कारण यंत्रखरेदीलाच आधुनिकीकरण समजण्याची चूक सरकारी कार्यालयांपासून खासगी कारखान्यांपर्यंत आजही होते.

फ्रेड डेव्हिस यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता: हाती दिलेले सॉफ्टवेअर माणसे वापरतात की नाही, हे कशावर ठरते? एमआयटीतील पीएचडीच्या कामातून त्यांनी जे प्रतिमान (मॉडेल) मांडले, त्यावर आधारित 1989 चा शोधनिबंध 152 वापरकर्ते आणि चार सॉफ्टवेअर यांच्यावर उभा होता. वापरण्यातील सोपेपणाचे महत्त्व आहेच; पण ‘याने माझे काम चांगले होईल’ ही खात्री त्याहून निर्णायक ठरते, असे त्यातून दिसले. पुढे मिनेसोटातच डॉक्टरेट केलेले विश्वनाथ वेंकटेश यांनी 2003 मध्ये गॉर्डन डेव्हिस, फ्रेड डेव्हिस आणि मायकेल मॉरिस यांच्यासह अशी आठ प्रतिमाने एकत्र आणून एकच सिद्धान्त रचला.

अमेरिकी विद्यापीठात या मार्गाने जाणाऱ्याचा प्रवास साधारण असा असतो: सुमारे पाच वर्षांची पीएचडी, मग सहायक प्राध्यापकाची जागा आणि त्यानंतर सुमारे सहा वर्षांत कायम नेमणुकीचा निर्णय. तो निर्णय बहुतांशी मोजक्या नियतकालिकांतील शोधनिबंधांवर अवलंबून असतो. परीक्षकांच्या फेऱ्यांमधून एक निबंध पार पडायला कधी कधी अनेक वर्षे जातात, आणि तेवढ्यात अभ्यासाचा विषय असलेले तंत्रज्ञानच मागे पडलेले असू शकते. इकडे एमबीएच्या वर्गाला मात्र आजचेच काहीतरी हवे असते. म्हणून ज्याने ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे विभाग एकत्र जोडणारे सॉफ्टवेअर, शिकवत सुरुवात केली त्याला पुढे ई-कॉमर्स, मग क्लाउड आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतः शिकून शिकवावी लागते. शोधनिबंधांच्या संख्येवरच कारकीर्द ठरवल्यामुळे तरुण संशोधक सुरक्षित आणि लहान प्रश्न निवडतात, ही या क्षेत्राची खरी हानी आहे. ब्रिन्योल्फसन आणि फ्रेड डेव्हिस यांची कामे टिकली, कारण त्यांचे प्रश्न कोणत्याही एका यंत्रापुरते मर्यादित नव्हते.

ब्रिन्योल्फसन 2020 मध्ये स्टॅनफर्डला गेले. डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांच्यासह त्यांनी 2023 मध्ये मांडलेल्या अभ्यासात एका कंपनीच्या ग्राहक सेवा विभागातील पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कामाची नोंद होती. संभाषणात्मक कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत मिळाल्यावर तासाला सोडवल्या जाणाऱ्या तक्रारी सरासरी सुमारे 14 टक्क्यांनी वाढल्या. नवख्या आणि कमी कौशल्याच्या कर्मचाऱ्यांत ही वाढ 34 टक्के होती, तर अनुभवी आणि निष्णात कर्मचाऱ्यांना त्याचा फारच थोडा उपयोग झाला. लेखकांच्या मते यंत्राने निष्णातांच्या संभाषणांतून उचललेल्या युक्त्या नवख्यांपर्यंत पोहोचवल्या असाव्यात. मग ज्यांच्या कौशल्यावर हे यंत्र शिकले, त्यांना त्याचा मोबदला कसा मिळावा, हा प्रश्न या विद्याशाखेपुढे आता उभा आहे.