ऑफसाइडचा एक मीटर आणि मॅनेजरचे पाच सामने

३० सप्टेंबर २०२३, शनिवार. टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल हा सामना आपल्याकडे रात्री दहाला सुरू झाला. अर्धा तास उलटून गेल्यावर लिव्हरपूलच्या लुईस दियाझने गोल मारला आणि लाइन्समनने ऑफसाइडचा (म्हणजे पास निघताना फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे असल्याचा) झेंडा वर केला. लंडनच्या पश्चिमेला स्टॉकली पार्कमध्ये पडद्यासमोर बसलेल्या व्हीएआर पंचांनी (व्हिडिओ पाहून मैदानावरच्या पंचाला मदत करणाऱ्यांनी) रेघा आखून पाहिल्या, दियाझ नियमात होता, आणि त्यांनी 'तपासणी पूर्ण' असं कळवून टाकलं. घोटाळा असा की मैदानावर गोल दिलेलाच आहे, अशा समजुतीत ते होते. मैदानावर तो नाकारलेला होता. चूक लक्षात आली तोवर खेळ पुन्हा सुरू झाला होता आणि नियमाप्रमाणे मागे फिरता येत नव्हतं. लिव्हरपूल २-१ ने हरलं.

असा सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी नाशकात गंगापूर रोडला मिसळीच्या टेबलांवर काय चालतं, ते वेगळं सांगायला नको. लिव्हरपूलवाला म्हणतो, 'रेफ्री विकला गेलाय.' युनायटेडवाला म्हणतो, 'आमच्या वेळी कुठे होता तुमचा न्याय?' तिसरा नुसता रस्सा मागवत राहतो. तर्री गार होते, पण वाद मिटत नाही. इंग्लंडमधल्या क्लबसाठी इथे भांडायचं कशाला, असं घरचे विचारतात. तो प्रश्न बाजूला ठेवू. मला रस आहे तो त्या भांडणात रोज वापरल्या जाणाऱ्या एका वाक्यात: 'अरे, साध्या डोळ्यांना दिसत होतं!'

साध्या डोळ्यांना नेमकं काय दिसतं, यावर गेल्या काही दशकांत बरंच संशोधन झालंय. आणि त्यातून बाहेर आलेली गोष्ट चाहत्यांना फारशी आवडणारी नाही. पंचांच्या चुका होतात, भरपूर होतात. पण त्या वाऱ्यावर कशाही उडत नाहीत. त्यांना दिशा असते.

ऑफसाइडपासून सुरू करू. बसमध्ये ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवरून स्पीडोमीटर पाहिलात तर काटा खऱ्या आकड्यापेक्षा थोडा सरकलेला दिसतो. काटा आणि आकडे यांच्यात अंतर आहे आणि तुम्ही तिरके बसला आहात, एवढंच त्याचं कारण. लाइन्समनचंही तेच होतं, फक्त इथे अंतरं मीटरांत असतात.

हिशेब करून पाहू. मैदान ६८ मीटर रुंद. शेवटून दुसरा बचावपटू लाइन्समनपासून २० मीटर आत उभा आहे. फॉरवर्ड त्याच्याही पलीकडे, ४० मीटरवर. लाइन्समन बचावपटूच्या बरोबर रेषेत असायला हवा, पण तो गोलच्या दिशेने एकच मीटर पुढे सरकलाय. आता त्याच्या डोळ्यापासून बचावपटूपर्यंत सरळ रेघ ओढा आणि तशीच पुढे न्या. २० मीटरवर ती एक मीटर मागे येते, ४० मीटरवर दोन मीटर. म्हणजे पलीकडच्या फॉरवर्डपाशी पोचेपर्यंत ती रेघ खऱ्या ऑफसाइड रेषेच्या एक मीटर मागे गेलेली असते. फॉरवर्ड अर्धा मीटर नियमात असला तरी लाइन्समनला तो पुढे गेलेलाच दिसणार. झेंडा वर! उलट तोच फॉरवर्ड बचावपटूच्या अलीकडे, लाइन्समनपासून दहा मीटरवर असेल, तर तो अर्धा मीटर ऑफसाइड असूनही बरोबरीत दिसेल. झेंडा खालीच.

नेदरलँड्समधल्या राऊल ऊडेयान्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' नियतकालिकात हेच दाखवून दिलं. अनुभवी लाइन्समन निर्णयाच्या क्षणी सरासरी एक मीटरभर पुढे उभे होते, आणि त्यांच्या चुका भूमितीने सांगितलेल्या बाजूलाच झुकत होत्या. पलीकडून धावणाऱ्याला विनाकारण झेंडा, अलीकडून धावणाऱ्याला सूट. आता लाइन्समन पुढे का सरकतो? बचावपटू अचानक वर येतात आणि त्यांच्याबरोबर आडवं धावत त्याच क्षणी थांबणं माणसाला साधत नाही. यात विकलं जाण्यासारखं काहीच नाही.

पण लाइन्समन अगदी रेषेत उभा असला तरी दुसरी अडचण शिल्लक राहतेच, आणि ती डोक्याच्या आत आहे. रोमी निजहवन यांनी १९९४ मध्ये एका जुन्या दृष्टिभ्रमाकडे नव्याने लक्ष वेधलं. एक ठिपका सरकत असताना त्याच्या शेजारी क्षणभर दिवा चमकला, तर दोन्ही खरं तर एका रेषेत असूनही सरकणारा ठिपका पुढे गेलेला भासतो. डोळ्याकडून मेंदूपर्यंत चित्र पोचून त्याचा अर्थ लागायला साधारण सेकंदाचा दहावा भाग जातो. हलत्या वस्तूच्या बाबतीत मेंदू ही उशिराची भरपाई अंदाजाने करतो, असं निजहवन यांचं म्हणणं होतं. नेमकी कारणं काय, यावर अजून शास्त्रज्ञांत खडाजंगी चालते, पण भ्रम खरा आहे. पास निघाल्याचा क्षण म्हणजे तो चमकलेला दिवा, आणि सेकंदाला सात मीटर वेगाने सुटलेला फॉरवर्ड म्हणजे सरकता ठिपका. दहाव्या भागात तो सत्तर सेंटिमीटर कापतो. ब्राझीलच्या संशोधकांनी २००२ मध्ये हा धागा पकडून दाखवलं की चुकीचे झेंडे जास्त का पडतात, याचं एक उत्तर इथे असू शकतं.

मग यंत्र आणा, असं आपण म्हटलं. इंग्लंडच्या अव्वल दर्जाच्या लीगने, प्रीमियर लीगने, २०१९-२० च्या हंगामात व्हीएआर आणलं आणि काखेमुळे ऑफसाइड ठरलेल्या गोलांचा जमाना सुरू झाला. इथे एक साधा गुणाकार कोणी करत नाही. कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेत असेल तर दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंद जातात. फॉरवर्ड सेकंदाला आठ मीटर वेगाने पुढे आणि बचावपटू चार मीटर वेगाने उलट दिशेला निघाला असेल, तर तेवढ्यात त्यांच्यातलं अंतर २४ सेंटिमीटरने बदलतं. बॉल बुटापासून नेमका कधी सुटला ते त्या दोन चित्रांच्या मध्ये कुठेतरी लपलेलं असतं. अशा वेळी दोन सेंटिमीटरवरून गोल रद्द करणं म्हणजे किराणा दुकानाच्या काट्यावर सोनं तोलणं. (हे माझं मत, आर्सेनलवाले मित्र सहमत नाहीत, कारण त्या आठवड्यात निर्णय त्यांच्या बाजूने लागला होता.)

पुढची पायरी बरीच बरी आहे. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात छताखाली १२ कॅमेरे होते, ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि बॉलच्या आतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. लाथ कधी बसली हा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. प्रीमियर लीगमध्ये अशा प्रकारची व्यवस्था एप्रिल २०२५ मध्ये आली. पण दियाझचा गोल आठवा. तिथे रेघ चुकली नव्हती, कॅमेराही नाही. खोलीतल्या आणि मैदानावरच्या माणसांचं बोलणं चुकलं. त्यावर सेन्सर बसवता येत नाही.

फाउलचं प्रकरण ऑफसाइडहून अवघड, कारण तिथे रेघ आखून निकाल लागत नाही, आणि पाहणारा हेतूही शोधत बसतो. टीव्हीवर टॅकल पाच वेळा संथ गतीने दाखवतात आणि पाचव्या वेळेला आपली खात्री पटते की हाणलाच मुद्दाम. २०१६ मध्ये यूजीन करूसो आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं की तीच कृती संथ केली की पाहणाऱ्याला ती अधिक जाणूनबुजून केलेली वाटते, कारण करणाऱ्याला विचार करायला वेळ होता असा भास होतो. २०१८ मध्ये युरोपातल्या पाच देशांच्या ८८ वरिष्ठ फुटबॉल पंचांना प्रसंग दाखवले, काही खऱ्या वेगात, काही संथ. फाउल आहे की नाही हे ओळखण्यात फारसा फरक पडला नाही. कार्डाचा रंग मात्र संथ चित्रांत अधिक कडक झाला. ही माणसं रोज हेच काम करणारी होती. मग घरी सोफ्यावर बसलेल्या आपली काय कथा!

आणि गोंगाट. ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या ४७ झटापटी ४० पात्र पंचांना दाखवल्या. २२ जणांना प्रेक्षकांच्या आवाजासह, १८ जणांना मुक्या. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. २०२० मध्ये महामारीमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघांना मिळणाऱ्या जादा पिवळ्या कार्डांची तफावत बरीच ओसरल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं. घरच्या मैदानाचा फायदा गवतात कमी आणि गळ्यात जास्त असतो तर.

पंचाचं झालं. चाहत्याचं काय? याचा सगळ्यात गाजलेला अभ्यास आपल्या फुटबॉलचा नाही, अमेरिकन फुटबॉलचा आहे. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या कॉलेजांत एक हाणामारीचा सामना झाला. ॲल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल यांनी त्याची फिल्म दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे जेवढे नियमभंग दिसले, तेवढ्याच्या निम्म्याहूनही कमी डार्टमथच्या मुलांना स्वतःच्या संघाचे दिसले. फिल्म एकच. कोणी खोटं बोलत नव्हतं.

आपल्याकडचा दाखला ३ मार्च २०२३ चा. बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियममध्ये इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, जादा वेळ सुरू. केरळा ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत लावण्याच्या तयारीत असताना बेंगळुरूच्या संघाच्या सुनील छेत्रीने फ्री किक पटकन घेतली, गोल झाला, पंचांनी मान्य केला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच संघ घेऊन मैदानाबाहेर गेले ते परतलेच नाहीत. क्लबला चार कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिककर झालेल्या एखाद्या मल्याळी शेजाऱ्याकडे आजही हा विषय काढून पाहा. त्याला पंचाची शिट्टी आणि हातवारे एका अर्थाने आठवतात, बेंगळुरूवाल्याला नेमक्या उलट्या. नियम असा की पटकन घेतलेली फ्री किक वैध असते. पण पंचाने भिंतीचं अंतर मोजायला सुरुवात केली असेल तर शिट्टीची वाट पाहावी लागते. तेव्हा सगळा वाद 'पंचाने सुरुवात केली होती का' या एका वाक्यावर येऊन थांबतो, आणि तिथे प्रत्येकाचे डोळे आपापल्या क्लबच्या रंगाचे.

मॅनेजर, म्हणजे क्लबचा मुख्य प्रशिक्षक, हटवा, हा आपला दुसरा लाडका विषय. आणि मला वाटतं, आपण सर्वांत ठाम आणि सर्वांत चुकीचे इथे असतो.

फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात, म्हणून नशिबाचा वाटा मोठा. एक संघ सामन्याला सरासरी १.६ गोल मारण्याच्या ताकदीचा आणि समोरचा १.१ गोलांचा, असं धरा. पहिला उघडच सरस. गोल स्वतंत्रपणे पडतात असं मानून संभाव्यता काढली तर सरस संघ जिंकतो जेमतेम ४९ टक्के वेळा, आणि हरतो २६ टक्के वेळा. प्रत्येक आठवड्याला असाच प्रतिस्पर्धी मिळाला, तर ३८ सामन्यांच्या हंगामात या चांगल्या संघावर कुठेतरी सलग पाच सामने विजयाविना काढायची वेळ येण्याची शक्यता जवळपास निम्मी येते. मॅनेजरने काहीही न बिघडवता! आपण त्या पाच सामन्यांत 'ड्रेसिंग रूम हातातून गेली', 'डावपेच जुने झाले' असं शोधून काढतो, आणि ते सापडतंही.

मग नवा मॅनेजर येतो, संघ जिंकू लागतो, आणि आपण म्हणतो, बघा, सांगत होतो ना. पण फार खाली गेलेला आकडा पुढच्या वेळी सरासरीकडे येण्याची शक्यताच जास्त असते, माणूस बदला की बदलू नका. डच लीगचा अभ्यास करणाऱ्या बास तेर वील यांनी अशीच घसरगुंडी झालेले पण मॅनेजर न बदललेले क्लब तुलनेला घेतले. तेही तसेच सावरले होते. आर्सेनल २०१९-२० आणि २०२०-२१ अशी लागोपाठ दोन वर्षं आठव्या क्रमांकावर राहिलं, मॅनेजर मिकेल आर्तेताला घालवा म्हणून ओरड झाली. त्याला ठेवलं, आणि पुढे संघ सलग तीन हंगाम दुसरा आला. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, पण ओरडणारे तेव्हा किती ठाम होते ते मला आठवतं.

याचा अर्थ व्यवस्थापनावर बोलूच नये असा नाही. मोजायचा काळ तेवढा लांब हवा. मँचेस्टर युनायटेड २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने घेतलं तेव्हा खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबवरच आला; त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. ते कर्ज अंगावर असतानाही तेव्हाचे मॅनेजर फर्ग्युसन लीग जिंकत राहिले, हे खरं. पण २०१३ नंतर मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हॅग, अमोरिम असे कायमस्वरूपी म्हणून नेमलेले मॅनेजर आले, आणि त्यांच्यातल्या एकालाही लीग जिंकून देता आली नाही. पाच सामने नशिबाच्या खात्यात टाकता येतात. दहा वर्षांहून जास्त काळ आणि सहा माणसं त्या खात्यात मावत नाहीत, आणि तिथे युनायटेडवाला भाऊ मालकांच्या नावाने बोटं मोडतो तेव्हा त्याच्या बाजूला आकडेही असतात.